भांडुपचं युनिट

सहा महिन्यांत मी ती लॉरी चालू करून दाखवणार होतो. एकट्यानं. कुणाला एक अक्षर न विचारता. हे मी मिठबावच्या बाजारात, चहाच्या टपरीवर, आठ माणसांसमोर जाहीर केलं होतं आणि त्यातल्या तिघांनी तरी ते ऐकलं होतं.

लॉरी लष्करातली. लिलावात निघालेली आणि मग नऊ वर्षं बेळगावच्या एका भंगारवाल्याच्या आवारात उभी. मागच्या हौद्यात रुईचं झाड उगवलं होतं आणि ते माझ्या खांद्याला लागत होतं. मी स्वतः भांडुपला वह्यांच्या कारखान्यात तेहतीस वर्षं स्टोअरकीपर होतो. एकरेघी, दुरेघी, चौकटीची. दुसऱ्यांनी केलेल्या वस्तू आत घ्यायच्या, मोजायच्या आणि बाहेर द्यायच्या. निवृत्त होऊन गावी आलो तेव्हा मनात एकच होतं, की स्वतःच्या हातानं काहीतरी मोठं, दणदणीत आवाज करणारं असं चालू करायचं.

शिमगा झाल्यावर ट्रेलरवरून लॉरी आली. अंगणात शिरताना तिनं तुळस वाचवली, पण न्हाणीघराचा कोपरा नेला. माझी बायको यशोदा पडवीत तांदूळ निवडत होती. सूप हातात धरूनच ती बाहेर आली.

"ह्या काय हाडलास?"

"लॉरी."

"ता दिसता माका. कित्याक?"

मला राग आला. ह्या प्रश्नाचं उत्तर नसलं की मला नेहमी राग येतो.

आता माझ्या पँटींबद्दल. भंगारवाल्याच्या शेजारी मिलिटरीच्या जुन्या कपड्यांचं एक दुकान होतं. तिथून मी दोन हिरव्या पँटी घेतल्या होत्या. कापड जाड, खिसे सहा, ग्रीसचा डाग कळत नाही. याच्यापलीकडे त्या पँटींचा आणि माझा काहीही संबंध नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगायला तयार आहे.

एका सकाळी मी लॉरीखाली उताणा पडलो होतो. दोन्ही हात एका गंजलेल्या नटाशी झुंजत होते आणि तोंडात दहा-बाराचा पाना धरला होता. बांगडे घेऊन तुळसा दारावर आली. तुळसा आमच्या वाडीत मासे विकते. मासे संपतात, पण तिच्याजवळच्या बातम्या संपत नाहीत. तिनं लॉरी पाहिली, तिच्याखालून बाहेर आलेले माझे हिरवे पाय पाहिले.

"भाऊनु, तुमी मिलिटरीत होतास?"

"उं हूं," मी म्हटलं. तोंडात पाना असताना माणूस 'नाही' याहून वेगळ्या पद्धतीनं म्हणू शकत नाही. तुळसाला त्यातलं फक्त 'हूं' ऐकू आलं.

संध्याकाळी रेशनच्या दुकानात मला लोकांनी पुढे जायला वाट करून दिली. मला वाटलं, केस पांढरे झाल्यामुळे असेल. दुसऱ्या दिवशी एसटीत एका धडधाकट माणसानं उठून मला जागा दिली आणि उतरताना माझा हात दाबला. तेव्हा मात्र मला संशय आला. घरी येऊन यशोदाला विचारलं. ती म्हणाली, "वाडीत सगळे सांगतत, तुमी लडायेत होतास म्हणान."

मी तसाच तुळसाला गाठायला बाजारात गेलो.

"तुळसा, मी मिलिटरीत नव्हतंय. मी भांडुपाक होतंय. भांडुपाक!"

आवाज जरा चढला, हे कबूल करतो. तुळसा घाबरली नाही. तिनं माझ्याकडे फार मायेनं पाहिलं आणि माझ्या पिशवीत चार बांगडे जास्त टाकले.

"आसांदे भाऊनु. नाय बोलाचा आसात तर नाय बोला. ज्यांनी भोगलेला आसता, ते असेच कावतत."

यातून सुटायला वाटच नव्हती. मी शांतपणे नाही म्हटलं, तर लोक म्हणायचे, किती नम्र माणूस. मी रागावून नाही म्हटलं, तर लोक म्हणायचे, बिचाऱ्यानं काय काय बघितलं असेल. आणि मला तर राग येतच होता. लॉरीचा एक नट सुटायला तीन दिवस घेत होता. पाऊस सुरू झाल्यावर ताडपत्रीखाली शेजाऱ्यांच्या कोंबड्यांनी संसार थाटला होता. त्यात पोस्टमन पत्र देताना टाचा जुळवायचा. मी त्याच्यावर ओरडलो की तो आणखी ताठ व्हायचा.

दिवाळीत कहर झाला. नरकचतुर्दशीला सकाळी वाडीतले पाच-सहा जण आमच्याकडे पोहे खायला आले होते. कुणीतरी अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडे सुतळी बॉम्ब लावला. मी बॉम्बला लहानपणापासून भितो. माझी मुंजसुद्धा बँड न लावता झाली आहे. आवाज झाला तेव्हा मी बशीसकट टेबलाखाली होतो. कसा गेलो ते मला माहीत नाही. वर आलो तर सगळे खाली मान घालून बसलेले. एका बाईनं पदर डोळ्यांना लावला होता. दुसऱ्या दिवशी वाडीची बैठक झाली आणि ठरलं, की गुरुदासभाऊंच्या, म्हणजे माझ्या, घराच्या आसपास फटाके वाजवायचे नाहीत. वाडीतली सगळी पोरं माझ्यावर दात खाऊन होती आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

मग सुदेश आला.

सुदेश आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला राहतो. चोवीस वर्षं लष्करात ड्रायव्हर होता, हवालदार म्हणून निवृत्त झाला, त्यालाही आता बारा वर्षं होतील. हापूसची कलमं बघतो, कमी बोलतो आणि शर्ट पँटमध्ये खोचून झाडावर चढतो. तो आला, लॉरीला एक चक्कर मारली आणि माझ्यासमोर उभा राहिला.

"युनिट खंयचा?"

"भांडुप," मी म्हटलं.

"भांडुपाक खंयचा युनिट?"

"युनिट नंबर दोन. वह्यांचो कारखानो."

त्यानं डोळे बारीक केले. "आणि ही पँट?"

"बेळगावाक घेतलंय. दोन आसत."

सुदेश हळूच टायरवर बसला. "म्हणजे तू कधीच..."

"कधीच नाय. माका पोलीस भरतीतसुद्धा घेतल्यानी नाय. माझे तळवे सपाट आसत."

"मगे लोकांका सांगणस कित्याक नाय?"

"पाच म्हयने सांगतंय!" मी पाना जमिनीवर आपटला. "तूच जा आणि सांग. बग तुझा कोण आयकता काय."

सुदेश ताडकन उठला आणि बाजारात गेला. तासाभरानं परत आला तेव्हा त्याचा चेहरा तांबडालाल झाला होता. त्यानं टपरीवर सगळं सांगितलं होतं. लोकांनी ऐकून घेतलं होतं. आणि तो पाठ फिरवतो न फिरवतो तोच कुणीतरी म्हणालं होतं, "सुदेशाच्या पोटात दुखता. दुसरो जवान गावात इललो तेका बघवना नाय."

"चल," तो मला म्हणाला. "माझ्या वांगडा चल आणि सगळ्यांसमोर सांग."

आम्ही दोघं गेलो. मी टपरीसमोर उभा राहून जमेल तेवढ्या मोठ्यानं सांगितलं, की मी वह्या मोजायचो. सगळे माझ्याकडे आणि मग माझ्या मागे, हाताची घडी घालून उभ्या असलेल्या सुदेशकडे बघत राहिले. तुळसा पुटपुटली, ती मला स्पष्ट ऐकू आली: "दम दिल्यान वाटता बिचाऱ्याक."

परत येताना सुदेश माझ्या दहा पावलं पुढे चालत होता. अंगणात आल्यावर त्यानं लॉरीचं बोनेट उघडलं, बराच वेळ आत पाहिलं आणि म्हणाला, "डिझेलचो फिल्टर उलटो बसवलंस."

"माका ठाव आसा," मी म्हटलं. मला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तो रोज यायला लागला. मी बोलावलं नव्हतं. सकाळी सात म्हणजे सात. सात वाजून पाच मिनिटांनी मी चहा पीत असलो, तर तो अंगणात उभा राहून घड्याळाकडे बघायचा. अशा लॉऱ्या त्यानं चोवीस वर्षं चालवल्या होत्या. नुसता हात लावून त्याला कळायचं, कुठली वस्तू कुठली आहे. मी जो नट तीन दिवस फिरवत होतो, तो त्यानं दोन ठोके मारून काढला आणि माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या 'सुद्धा नाही'चा मला सगळ्यात जास्त राग आला. माझी लॉरी, माझं अंगण, आणि मी चिंध्या आणून देणारा. आम्ही रोज भांडायचो. यशोदा म्हणायची, पूर्वी एकटे ओरडत होते, आता जोडी जमली.

पण काम पुढे सरकत होतं. शेवटी वायरिंग राहिलं. त्यासाठी आम्ही खाडीवरच्या मेहबूबला बोलावलं. तो होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. त्यानं बॅटरी बसवली, दिवे लावले आणि लॉरीचा मूळचा हॉर्न मेलेला होता म्हणून जुन्या ट्रॉलरवरचा भोंगा आणून जोडला. त्याचं बटण माझ्या बाजूला, म्हणजे डावीकडे आलं. वायर तेवढीच पुरत होती.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुदेशनं चावी माझ्या हातात दिली. "तूच सुरू कर," म्हणाला. मी चावी फिरवली. इंजिन खोकलं, थुंकलं, काळा धूर आमच्या सुकत घातलेल्या चादरींवर गेला आणि मग ते धडधडायला लागलं. सगळी जमीन हलत होती. मेहबूब हसत होता. सुदेशनं बोनेटवर हात ठेवला होता आणि तो दुसरीकडे बघत होता. मी पाच मिनिटं कुणावरही रागावलो नाही.

त्याच दिवशी शाळेतून पत्र आलं. आमच्या वाडीच्या शाळेच्या मुख्याध्यापिका सारिकाबाई यांनी प्रजासत्ताक दिनाला 'वीर जवान श्री. गुरुदासजी' यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं होतं. ध्वजारोहण त्यांच्याच हस्ते. शक्य झाल्यास लॉरीसह यावे.

मी तिथल्या तिथे उत्तर लिहिलं. मी जवान नाही, वीर तर अजिबात नाही, तेहतीस वर्षं वह्यांचा हिशेब ठेवला आणि कृपया हा मूर्खपणा थांबवावा. सारिकाबाईंनी ते पत्र परिपाठाला मुलांना वाचून दाखवलं. 'थोरांची नम्रता' म्हणून. शेवटचं वाक्य तेवढं गाळलं.

मी शाळेत जायचंच नाही असं ठरवलं. सुदेश म्हणाला, "जावक होया. माईक आसतलो. सगळो गाव आसतलो. थय सांग, म्हणजे एकदाचा संपता."

त्याचं पटलं. सव्वीस तारखेला सकाळी आम्ही निघालो. चालवायला सुदेश, कारण अवजड गाडीचं लायसन्स त्याच्याकडे होतं. मी त्याच्या डाव्या बाजूला, तोंडानं भाषण घोकत. यशोदा चालत पुढे गेली होती. त्या लॉरीत बसण्यापेक्षा, ती म्हणाली, मी अनवाणी देवगडाक जाईन.

शाळेच्या वळणावर रस्त्यात म्हैस उभी होती. मी भोंग्याचं बटण दाबलं. म्हैस गेली. भोंगा गेला नाही.

बटण आतच रुतून बसलं. मी ओढलं, ठोकलं, त्यात किल्ली घालून बघितली. ट्रॉलरचा भोंगा हा समुद्रावर मैलभर ऐकू जावा म्हणून केलेला असतो. शाळेचं पटांगण वळणापासून पन्नास पावलांवर होतं. सुदेश काहीतरी ओरडत होता, मी काहीतरी ओरडत होतो आणि तसेच आम्ही फाटकातून आत शिरलो. मुलांना वाटलं, अशीच एंट्री ठरलेली आहे. त्यांनी दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. लेझीमवाल्यांनी लेझीम सुरू केलं.

मी उडी मारून खाली उतरलो. सारिकाबाई हार घेऊन पुढे आल्या. मी दोन्ही हात हलवून म्हटलं, "मी सैन्यात नव्हतो." त्या हसून मान हलवत राहिल्या. मी आणखी मोठ्यानं म्हटलं. त्यांनी हार घातला. मी हार काढला, त्यांनी परत घातला. समोर तुळसा दिसली, पोस्टमन दिसला, टपरीवरचे आठही जण दिसले, सगळ्यांच्या चेहऱ्यांवर तो भाव, आठ महिने माझा पिच्छा पुरवणारा. माझं डोकं फिरलं. घसा फाडून मी काय काय बोलत होतो ते मला नीटसं आठवत नाही. तिकडे सुदेशनं बोनेट उघडून भोंग्याची वायरच उपटली.

एकदम सगळं शांत झालं आणि त्या शांततेत माझं वाक्य एकटंच उरलं.

"...मी स्टोअरकीपर आहे, साधा स्टोअरकीपर, आणि ह्या गावात एका तरी माणसाला अक्कल आहे का!"

पटांगणात तीनशे माणसं होती. झेंड्याची दोरी खांबावर टकटक वाजत होती.

पहिली बोलली तुळसा. "म्हणजे तुमी खराच मिलिटरीत नाय होतास?"

"नाय."

"मगे बाँबाक टेबलाखाली कित्याक गेलास?"

मी तोंड उघडण्याआधी गर्दीतून यशोदाचा आवाज आला. "अगो, ते मिक्सराक पण भियेतत."

आठ महिने मी जे सांगत होतो, ते यशोदानं एका वाक्यात गावाच्या गळी उतरवलं. कुणी एक प्रश्न विचारला नाही. आणि मग गाव रागावलं. माझ्यावर.

"आठ म्हयने जास्तीचे बांगडे खाल्लास तुमी माझे," तुळसा म्हणाली.

"मी नको म्हणत होतंय."

"पण खाल्लास मां?"

खाल्ले होते.

सारिकाबाई हातातल्या कागदावर काहीतरी खोडत होत्या. मग सावरून सुदेशकडे वळल्या. "सुदेशराव, मग तुम्हीच या ना. ध्वजारोहण तुमच्या हस्ते करू."

सुदेशच्या हाताला ग्रीस लागलं होतं. ते तो फडक्याला पुसत होता. पुसून झालं तरी पुसत राहिला.

"बाई," तो म्हणाला, "माझं घर शाळेच्या कुंपणाला लागून आहे. बारा वर्षं दर सव्वीस जानेवारीला मी मागच्या रांगेत उभा असतो. कुणी कधी विचारलं नाही. त्याचं काही नाही. पण आज माणूस कमी पडला म्हणून मी नको."

आवाज अजिबात चढला नव्हता. मला त्याच्यासारखं रागावता आलं असतं, तर मी आठ महिन्यांपूर्वीच सुटलो असतो.

तुळसा पायाच्या बोटानं माती उकरत होती. टपरीवरचे आठ जण एकमेकांच्या मागे जायचा प्रयत्न करत होते. मला त्या सगळ्यांचा इतका संताप आला की मी सुदेशवरच घसरलो.

"गावार राग काढ. माझ्यार काढ. हवे तर लॉरीक लाथ मार. पण झेंडो कित्याक ताटकळत ठेवतंस? तेना काय केल्यान तुझा?"

सुदेशनं माझ्याकडे पाहिलं. फडकं माझ्या हातात दिलं. शर्ट खोचलेलाच होता, तरी एकदा परत खोचला आणि झेंड्याकडे चालत गेला. दोरी ओढली, झेंडा उलगडला, वाऱ्यावर ताठ झाला. त्यानं सलाम केला. हात कपाळाशी गेला तो जणू चोवीस वर्षांत तिथून कधी हललाच नव्हता. राष्ट्रगीत सुरू झालं. ते झाल्यावर सारिकाबाईंनी दिलेला नारळ त्यानं घेतला. शाल घेतली नाही.

त्यानंतर महिनाभर गाव माझ्याशी तुटकपणे वागत होतं. एसटीत मी उभा. रेशनला मी शेवटी. तुळसा मला मोजून बांगडे द्यायची आणि त्यातले बारकेच द्यायची. सुदेशकडे मात्र लोकांची रीघ लागली. कुणी मुलासाठी भरतीची माहिती विचारायला, कुणी नुसतंच बसायला. तो वैतागून सकाळी सहालाच आमच्याकडे यायला लागला.

मार्चमध्ये एका रविवारी आम्ही लॉरी घेऊन मालवणला निघालो. नवा हिरवा रंग चकाकत होता, इंजिन सुरात होतं. सुदेश चालवत होता, मी शेजारी. मालवणात शिरता शिरता एका वाहतूक पोलिसानं हात केला.

"कागदपत्रं," तो माझ्या खिडकीशी येऊन म्हणाला. कागद पाहिले. मग दोन पावलं मागे जाऊन लॉरी पाहिली. "हा लष्कराचा रंग आहे. खासगी गाडीला चालत नाही. कुणाची गाडी?"

मी तोंड उघडणार, इतक्यात सुदेश समोर बघत म्हणाला, "सुभेदारसाहेबांची. मी त्यांचा ड्रायव्हर."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. हाच तो माणूस, ज्यानं मला खरं बोलायला बाजारात उभं केलं होतं. त्याचे कान लाल झाले होते, पण नजर रस्त्यावर.

पोलीस ताठ झाला. त्यानं मला कडक सलाम ठोकला आणि थांबला.

"सलाम घे," सुदेश दातांतून म्हणाला.

मी घेतला. पोलीस डाव्या खिडकीशी उभा होता, म्हणून मी डावा हात वर केला.

पोलिसानं आपला हात हळूहळू खाली आणला, खिशातून दंडाचं ई-चलनाचं मशीन काढलं आणि म्हणाला, "आजोबा, गाडी बाजूला घ्या."

दंड मी भरला आणि सुदेशनं लॉरी थेट मिठबावला आणली. अंगणात इंजिन बंद केल्यावर एवढंच म्हणाला, की डावा हात एक वेळ चालला असता, पण कोपर लोंबत होतं.